पेन्शनची विमा कंपनी डबघाईला आली, तर सरकारला जाब कसा विचारायचा? इंदूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

आमच्याकडे येणारे प्रश्न निवृत्त माणसांचे असतात, पण निम्मे त्यांच्या मुला-सुनांनी व्हॉट्सअॅपवर टाइप केलेले. कुणी रामबागेतून विचारतं, कुणी सुदामा नगरातून, कुणी देवास-उज्जैनहून. पॉलिसीच्या पानांचे फोटो येतात, ते बहुधा आडवे आणि अर्धे कापलेले. तेच तेच प्रश्न पुन्हा येत असल्यामुळे उत्तरं एकत्र केली आहेत. आपल्या कामाचा प्रश्न तेवढा वाचलात तरी चालेल. जिथे दुसरं उत्तर पाहायला हवं तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. या महिन्याची पेन्शन आली नाही. कंपनी बुडाली असं समजायचं का?

लगेच नाही. पेन्शन अडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हयातीचा दाखला वेळेवर न पोचणं. दुसरं कारण बँकेचं. देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद या बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, खात्यांचे आयएफएससी कोड बदलले, आणि कंपनीच्या नोंदीत जुनाच कोड राहिला. आधी ही दोन कारणं तपासा.

कंपनीची खरी तब्येत कळते ती सॉल्व्हन्सी गुणोत्तरावरून. देणी भागवून कंपनीकडे किती उशी शिल्लक आहे, त्याचा हा आकडा. विमा नियामक आयआरडीएआयने तो किमान १.५० ठेवला आहे. प्रत्येक विमा कंपनीला दर तिमाहीला आपल्या वेबसाइटवर 'पब्लिक डिस्क्लोजर' या सदरात आकडे टाकावे लागतात, त्यात हा असतो. एका तिमाहीचा आकडा पाहून घाबरू नका. आठ-दहा तिमाह्या ओळीने पाहा. उतरण लागली असेल तर ती डोळ्यांना दिसते. ते पान डाउनलोड करून तारखेसह जपून ठेवा, पुढे प्रश्न ८ मध्ये त्याचं काम आहे.

२. आमची पेन्शन एलआयसीची आहे. आम्हाला हे सगळं लागू आहे का?

बुडण्याच्या भीतीपुरतं, नाही. एलआयसी कायदा १९५६ च्या कलम ३७ नुसार महामंडळाच्या पॉलिसींची विमा रक्कम आणि जाहीर झालेले बोनस यांची हमी केंद्र सरकारची आहे. 'जाहीर झालेले' हे शब्द नीट वाचा. पुढे मिळेल अशी आशा असलेला बोनस या हमीत येत नाही. सेवेबद्दलची तक्रार असेल, पैसे उशिरा आले असतील, तर रस्ता सगळ्यांसारखाच: प्रश्न ५.

३. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पॉलिसीला तसं काही नाही?

नाही. ठेवींचा विमा डीआयसीजीसी (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा संस्था) देतं आणि तो फक्त बँकांसाठी आहे. खाजगी आयुर्विमा कंपनीच्या पॉलिसीधारकाला ठरावीक रक्कम आपोआप देणारा निधी आपल्याकडे नाही. २०१७ साली लोकसभेत आलेल्या एफआरडीआय विधेयकात बँकांबरोबर विमा कंपन्यांसाठीही 'रिझोल्यूशन कॉर्पोरेशन', म्हणजे डबघाईला आलेली कंपनी सावरणारं किंवा गुंडाळणारं महामंडळ, सुचवलं होतं. त्यातल्या 'बेल-इन'च्या, म्हणजे बुडत्या बँकेला तिच्याच देण्यांना कात्री लावून सावरण्याच्या, तरतुदीवरून ठेवीदार बिथरले आणि २०१८ साली विधेयक मागे घेतलं गेलं. बँकेतले पैसे कापले जातील ही भीती रास्त होती, पण त्या गदारोळात विमाधारकांचा विषयही वाहून गेला आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

म्हणून आपल्याकडे सगळा भार देखरेखीवर आहे. शेवटी भरपाई देणारं कुणी नसल्याने नियामकाने वेळेत हात घालणं हेच पॉलिसीधारकाचं संरक्षण. सरकारला जाब विचारायचा तो याच मुद्द्यावर.

४. कंपनीविरुद्ध आणि सरकारविरुद्ध एकच तक्रार करून चालेल का?

चालत नाही, आणि बहुतेकांचं इथेच फिसकटतं. पंतप्रधान कार्यालयापासून कंपनीच्या शाखा व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना एकच पत्र जातं. प्रत्येक जण ते दुसऱ्याकडे ढकलतो आणि शेवटी ते कंपनीकडेच 'आवश्यक कारवाईसाठी' येऊन पडतं.

कंपनीला विचारायचं ते असं: तू कराराप्रमाणे पैसे दिलेस का? पुरावा म्हणजे पॉलिसी, पावत्या, पासबुक. सरकारला आणि नियामकाला विचारायचं ते वेगळं: कंपनीची अवस्था तुम्हाला कधी कळली, आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत? इथे तुमच्या पॉलिसीचा उपयोग जेमतेम. इथे लागतात तारखा, पत्रं, तपासणी अहवाल. पहिली तक्रार एकट्याने करता येते. दुसरी शंभर जणांनी मिळून केली तर कुणी कान देतं.

दोन फाइली करा, वेगळ्या रंगाच्या.

५. कंपनीविरुद्धची तक्रार इंदूरहून कुठे आणि कशी करायची?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी. फोनवरची तक्रार धरू नका. ईमेल करा किंवा शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्याचबरोबर आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा (टोल फ्री १५५२५५). पोर्टल तुमच्या भांडणाचा निवाडा करत नाही, ते कंपनीला उत्तर द्यायला लावतं. पण नोंद नियामकाच्या दप्तरी राहते, आणि 'आम्हाला कुणी कळवलंच नाही' असं म्हणायला त्याला जागा उरत नाही. एवढ्यासाठी तरी ती कराच.

महिन्याभरात उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते, म्हणजे ऐंशीच्या आजोबांना बसने भोपाळ गाठायला नको. ५० लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात (ही मर्यादा २०२३ मध्ये ३० लाखांवरून वाढली). कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही.

एक घोळ नेहमी होतो: हे विमा लोकपाल वेगळे आणि २०१३ च्या कायद्याने आलेला दिल्लीचा लोकपाल वेगळा. तो भ्रष्टाचाराच्या तक्रारी पाहतो. कंपनी कमजोर झाली हे त्याचं काम नव्हे.

६. विमा लोकपाल बरा की ग्राहक आयोग?

रक्कम सरळ हिशेबाची असेल तर आधी लोकपाल. मनस्तापाची भरपाई, फसवून विक्री, साक्षीपुरावे असा मामला असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथेच दावा करता येतो, म्हणजे कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी खटला इंदूरला. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. ग्राहक आयोगात किंवा कोर्टात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. उलट क्रम चालतो: लोकपालांचा निवाडा पटला नाही तर आयोगाचं दार उघडं असतं.

७. 'सरकार' म्हणजे नेमकं कोण? कलेक्टरकडे गेलो तर?

विमा हा केंद्राचा विषय आहे. देखरेख आयआरडीएआयची, मुख्यालय हैदराबाद, कायदा १९९९ चा. त्या कायद्याच्या कलम १४ मध्ये पॉलिसीधारकांच्या हिताचं रक्षण हे प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. प्राधिकरणाच्या वर अर्थ मंत्रालयाचा वित्तीय सेवा विभाग. कलम १८ नुसार केंद्र प्राधिकरणाला धोरणात्मक निर्देश देऊ शकतं, आणि प्राधिकरण कामच करत नसेल तर कलम १९ नुसार ते बरखास्तही करू शकतं. म्हणजे 'आयआरडीएआय स्वायत्त आहे, आम्ही काही करू शकत नाही' हे मंत्रालयाचं नेहमीचं उत्तर अर्धंच खरं. प्राधिकरणाच्या हिशेबांची तपासणी कॅग करतं, आणि या सगळ्यांच्या वर संसद.

मंगळवारच्या जनसुनावणीत कलेक्टर साहेबांकडे हा अर्ज नेण्यात अर्थ नाही, फक्त वेळ जातो. अपवाद एक आहे: तुमची 'पेन्शन योजना' मुळात विमाच नसेल तर कलेक्टर फार कामाचे. पाहा प्रश्न १६.

८. नियामकाचं चुकलं हे सिद्ध कसं करायचं? आम्हाला आतलं काय माहीत?

आतलं बाहेर काढायला माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा केंद्राचं आरटीआय पोर्टल. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्ज मराठीत लिहू नका. मन मानत नाही, ठाऊक आहे; पण कायदा इंग्रजी, हिंदी किंवा अर्ज करता त्या भागाची राजभाषा एवढ्यांनाच मान्यता देतो, आणि इंदूरला राजभाषा हिंदी आहे. होळकरांचा दाखला इथे चालत नाही.

'का' विचारू नका. 'आपण कारवाई का केली नाही?' या प्रश्नाला 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो. कागद मागा. आयआरडीएआयच्या जनमाहिती अधिकाऱ्याला पाठवायच्या अर्जात आम्ही साधारण हे मुद्दे घालतो:

अमुक कंपनीचं अमुक ते अमुक आर्थिक वर्षांतलं प्रत्येक तिमाहीचं सॉल्व्हन्सी गुणोत्तर, आणि ते प्राधिकरणाला ज्या तारखेला मिळालं ती तारीख. गुणोत्तर १.५० च्या खाली गेल्यानंतर कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. त्या काळातल्या तपासणी अहवालांच्या प्रती. विमा कायदा १९३८ च्या कलम ५२-ए खाली प्रशासक नेमण्याबाबतच्या फाइलवरील टिपण्या. नव्या पॉलिसींची विक्री थांबवण्याबाबत विचार झाला असल्यास त्याची तारीख आणि निर्णय.

यातला जीव 'मिळालं ती तारीख' या शब्दांत आहे. कंपनी मार्चमध्ये घसरली, प्राधिकरणाला जूनमध्ये कळलं आणि विक्री पुढल्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत चालू राहिली, असं कागदावर दिसलं, तर मधल्या दीड वर्षात पॉलिसी घेतलेल्या प्रत्येकाचं म्हणणं वजनदार होतं. आणि समजा प्राधिकरणाने वेळेत पावलं उचलल्याचं दिसलं, तर तेही मान्य करायचं. कंपनी खराब निघाली म्हणून दर वेळी नियामक दोषी असतोच असं नाही.

असाच एक अर्ज वित्तीय सेवा विभागाला करा. दोन्हीकडच्या उत्तरांतल्या तारखा जुळत नाहीत तेव्हा खरी गोष्ट सुरू होते.

९. 'माहिती गोपनीय आहे' असं उत्तर आलं. आता?

येणारच. कलम ८ मधलं 'व्यापारी गुपित' किंवा 'विश्वासाच्या नात्याने मिळालेली माहिती' ही कारणं ठरलेली. ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. दोन्हींना शुल्क नाही.

अपिलात सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१५ चा 'भारतीय रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री' हा निकाल जरूर घाला. बँकांची तपासणी करताना रिझर्व्ह बँकेला मिळालेली माहिती तिच्याकडे 'विश्वासाच्या नात्याने' येत नाही, आणि नियामकाचं कर्तव्य बँकांशी नसून जनतेशी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. प्रकरण बँकांचं होतं, पण युक्तिवाद विमा नियामकालाही तितकाच लागू पडतो. आरटीआय कायद्याचं कलम २(एफ) सुद्धा जोडा: इतर कायद्याखाली सरकारी प्राधिकरण खाजगी संस्थेकडून जी माहिती मागू शकतं, तीही 'माहिती'च.

१०. सरकारने खाजगी पेन्शन कंपनीच्या ग्राहकांना भरपाई दिली, असं जगात कुठे झालं आहे का?

झालं आहे, आणि ते तपशिलात माहीत असावं. ब्रिटनची इक्विटेबल लाइफ ही १७६२ साली स्थापन झालेली, जगातल्या सर्वात जुन्या परस्पर, म्हणजे पॉलिसीधारकांच्याच मालकीच्या, आयुर्विमा संस्थांपैकी एक. १९५७ ते १९८८ या काळात तिने ज्या पेन्शन पॉलिसी विकल्या त्यांत अॅन्युइटीचा, म्हणजे साठलेल्या रकमेतून आयुष्यभर मिळणाऱ्या पेन्शनचा, किमान दर हमीने लिहिलेला होता. पुढे व्याजदर उतरले आणि ही हमी महाग पडू लागली. संस्थेने शक्कल काढली: हमी वापरणाऱ्यांना शेवटचा बोनस कमी द्यायचा. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ही शक्कल बेकायदा ठरवली. सुमारे दीड अब्ज पौंडांचा बोजा आला, पुरेशी राखीव रक्कम नव्हती, विकत घ्यायला कुणी पुढे आलं नाही. ८ डिसेंबर २००० ला नवीन व्यवसाय बंद. पुढच्या जुलैत पेन्शन पॉलिसींची किंमत १६ टक्क्यांनी कापली. झळ बसलेले दहा लाखांहून जास्त.

२००४ मध्ये लॉर्ड पेनरोज यांचा जाडजूड चौकशी अहवाल आला. मुख्य दोष संस्थेचा स्वतःचाच, असा त्याचा सूर. सरकारला हायसं वाटलं असणार. पण पॉलिसीधारकांच्या कृती गटाने हट्ट सोडला नाही. संसदेच्या लोकपाल अॅन अॅब्रहम यांनी प्रश्न दुसऱ्या बाजूने घेतला: संस्था कशी चालवली हे बाजूला ठेवा, तिची वार्षिक विवरणपत्रं सरकारी खात्यांच्या टेबलावर येत होती, ती वाचून खात्यांनी काय केलं? जुलै २००८ च्या त्यांच्या अहवालाने गैरकारभाराचे दहा ठपके ठेवले: व्यापार व उद्योग खातं, सरकारी विमागणिती खातं आणि वित्तीय सेवा प्राधिकरण यांच्यावर. माफी आणि भरपाई, दोन्ही सुचवले.

तरीही सरकारने काही ठपके नाकारले. प्रकरण हायकोर्टात गेलं. २०१० मध्ये सत्ताबदल झाला, भरपाईसाठी कायदा झाला, आणि त्या ऑक्टोबरमध्ये सुमारे दीड अब्ज पौंडांची घोषणा झाली. तुलनात्मक नुकसान मात्र चार अब्जांहून जास्त मोजलं होतं. पेन्शन सुरू झालेल्या 'विथ प्रॉफिट्स' (नफ्यात वाटा असलेल्या) अॅन्युइटीधारकांना पूर्ण भरपाई; बाकीच्यांना नुकसानीच्या २२.४ टक्के. म्हणजे दहा हजार पौंड गेलेल्याला २,२४० मिळाले. सप्टेंबर १९९२ च्या आधी अॅन्युइटी घेतलेले सर्वात म्हातारे लोक तर योजनेबाहेरच राहिले. त्यांना पुढे २०१३ च्या अर्थसंकल्पात पाच हजार पौंडांची सानुग्रह रक्कम जाहीर झाली.

आपल्या कामाची गोष्ट 'तुलनात्मक नुकसान' ही. एजंटने कागदावर दाखवलेली रक्कम मिळाली नाही, अशी ती मागणी नव्हती. तेच पैसे त्याच काळात दुसऱ्या धड कंपनीत असते तर किती झाले असते, आणि इथे किती झाले, यातला फरक मागितला. हे गणित सरकारी माणसाला सहज झटकता येत नाही.

११. आणि भारतात?

विमा कंपनी नव्हे, पण यूएस-६४ आठवत असेल. युनिट ट्रस्टची ही योजना म्हणजे कित्येक मराठी घरांची निवृत्तीची ठेव होती. २ जुलै २००१ ला यूटीआयने युनिट्सची खरेदी-विक्री गोठवली. संसदेत रान उठलं, संयुक्त संसदीय समितीच्या कक्षेत विषय गेला. शेवटी केंद्राने हमी घेतली: ५,००० युनिट्सपर्यंत १२ रुपये, त्यावर १० रुपये. यूटीआय दोन तुकड्यांत विभागली गेली आणि लोकांना ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे मिळाले, ते २००८ मध्ये फिटले. कुठल्याही कोर्टाने सरकारला हे करायला लावलं नव्हतं. संसदेतला दबाव आणि दोन कोटींच्या घरातले युनिटधारक, यांनी ते करवलं.

आयुर्विम्यात प्रशासक नेमण्याची वेळ सहारा लाइफवर आली. आयआरडीएआयने जून २०१७ मध्ये कलम ५२-ए खाली प्रशासक नेमला. पॉलिसी दुसऱ्या खाजगी कंपनीकडे देण्याचा पहिला आदेश सॅटने, म्हणजे मुंबईच्या सिक्युरिटीज अपिलीय न्यायाधिकरणाने, रद्द केला. मग जून २०२३ मध्ये सुमारे दोन लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपवण्याचा आदेश निघाला आणि त्याच महिन्यात सॅटने त्यालाही स्थगिती दिली. तारखा पाहा. देखरेख नव्हती असं नाही म्हणता येणार. पण कारवाई आणि अपील यांच्या मधल्या वर्षांत पॉलिसीधारक लटकून राहतो.

१२. खासदारांना पत्र लिहून काही होतं का?

'कृपया लक्ष घालावे' असं लिहिलंत तर नाही. त्यांच्या हातात करता येईल असं काम द्या. एक, तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराच्या) किंवा अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नाचा मसुदा: अमुक कंपनीचं गुणोत्तर कधी घसरलं, मंत्रालयाला कधी कळलं. सभागृहात आलेलं उत्तर आरटीआयपेक्षा भारी, कारण ते मंत्र्याचं असतं. दोन, लोकसभेच्या याचिका समितीकडे अर्ज. खासदारांमार्फत सादर करायचा तर त्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. तीन, अर्थविषयक स्थायी समितीला निवेदन.

कोर्टात चाललेल्या विषयावर याचिका समिती सहसा हात लावत नाही. तेव्हा आधी संसद, मग कोर्ट. आधी वकील गाठणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

ज्या शहराने सुमित्राताई महाजनांना आठ वेळा लोकसभेत पाठवलं आणि २०१४ ते २०१९ अध्यक्षांच्या खुर्चीत पाहिलं, त्या शहराला संसदेची कार्यपद्धती परकी वाटू नये. तरी याचिका समितीचं नाव काढलं की समोरचे चकित होतात.

१३. थेट हायकोर्टात सरकारविरुद्ध भरपाईचा दावा टाकला तर?

भरपाईचा दावा अवघड आहे. आयआरडीएआयच्या १९९९ च्या कायद्याच्या कलम २२ ने केंद्र सरकार आणि प्राधिकरणाचे अधिकारी यांना सद्भावनेने केलेल्या कामासाठी संरक्षण दिलं आहे. ते भेदायचं तर निष्काळजीपणाच्या पलीकडचं काही दाखवावं लागतं. दिवाणी दावा करायचाच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी लागते.

रिट मात्र वेगळी. 'पैसे द्या' असं न म्हणता 'कायद्याने दिलेलं कर्तव्य बजावा, आमच्या अर्जावर ठरावीक मुदतीत कारणांसह निर्णय द्या' असं मागणारी अनुच्छेद २२६ ची याचिका इंदूर खंडपीठात करता येते. प्राधिकरण हैदराबादला असलं तरी पॉलिसी इथे विकली आणि नुकसान इथे झालं, या आधारावर. त्यासाठी आधी लेखी मागणी केलेली आणि ती दुर्लक्षित झालेली हवी. पाहा प्रश्न ८. आणि प्राधिकरणाने तुमच्या कंपनीबद्दल एखादा आदेश काढला असेल, तुम्हाला त्याची झळ बसत असेल, तर रिटच्या आधी सॅटकडे अपील. मुदत ४५ दिवस.

१४. कंपनीवर प्रशासक बसला आहे. हप्ते भरायचे थांबवू का?

नाही. रागाने हप्ता थांबवलात तर पॉलिसी लॅप्स होते आणि भांडणात तुमचीच बाजू लंगडी पडते. प्रशासक येतो तेव्हा करार संपत नाही. पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे गेली तरी जबाबदाऱ्याही तिच्याबरोबर जातात. नव्या कंपनीकडून अटी बदलल्या नसल्याचं लेखी घ्या, खात्यातून हप्ता आपोआप कापण्याचा बँकेचा आदेश आणि नॉमिनीचं नाव पुन्हा तपासा. घाईने सरेंडर करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं असतं, आणि नंतर भरपाईचा प्रश्न निघालाच तर 'तुम्ही स्वतःहून बाहेर पडलात' असं ऐकावं लागतं.

१५. एजंटने ८ टक्क्यांचा तक्ता दाखवला होता. तेवढं मिळालं नाही. हे सरकारचं अपयश नाही का?

तो तक्ता पुन्हा काढून पाहा. दोन रकाने असतात, ४ टक्के आणि ८ टक्के. वर किंवा खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही गृहीतकं आहेत, हमी नाही. बऱ्याच घरांत आमच्यापुढे आलेल्या कागदावर ८ च्या रकान्याभोवती एजंटने निळ्या पेनाने गोल केलेला असतो आणि ४ चा रकाना घडीत गेलेला. तो गोल म्हणजे फसव्या विक्रीचा बरा पुरावा आहे. कागद फेकू नका, लॅमिनेटही करू नका. पण ही तक्रार कंपनी आणि एजंटविरुद्धची (प्रश्न ५ आणि ६). सरकारच्या फाइलीत ती घातलीत तर फाइल पातळ होते.

१६. पतसंस्थेच्या माणसाने 'मासिक पेन्शन योजना' दिली होती, आता ऑफिसला कुलूप आहे. आयआरडीएआयकडे जाऊ?

आधी आयआरडीएआयच्या वेबसाइटवरच्या आयुर्विमा कंपन्यांच्या यादीत नाव आहे का पाहा. नसेल तर तो विमा नाही, ठेव आहे. तिथे २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आणि मध्य प्रदेशचा २००० सालचा निक्षेपक हित संरक्षण कायदा लागतो. या दुसऱ्या कायद्यात कलेक्टरांना कारवाईचे अधिकार आहेत, म्हणून इथे जनसुनावणीला जरूर जा. ठेवीदारांनी एकत्र जावं, प्रत्येकाने आपली पावती घेऊन.

१७. ईपीएस आणि एनपीएसची पेन्शन यात येते का?

ईपीएस-९५ विमा नाही, ती ईपीएफओकडे. एनपीएस मध्ये गोम आहे. पैसे साठत असेपर्यंत नियामक पीएफआरडीए. निवृत्तीनंतर त्यातून अॅन्युइटी घेतलीत की ती आयुर्विमा कंपनीची पॉलिसी होते आणि नियामक आयआरडीएआय. 'एनपीएस सरकारी आहे' या भरवशावर अॅन्युइटी देणारी कंपनी न पाहता निवडणारे खूप भेटतात. तो निर्णय तेवढा एकदाच असतो, बहुधा बदलता येत नाही.

गिरणी कामगारांच्या थकबाकीबद्दलही विचारणा होते. हुकुमचंद मिलची देणी विम्याची नव्हती, अवसायनातली, म्हणजे बंद कंपनीची मालमत्ता विकून भागवायची होती. मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या वाट्याचा २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. कामगार संघटनेने तीन दशकं यादी आणि कागद सांभाळले म्हणून वारसांना तरी पैसे मिळाले.

१८. आमच्या नणंदबाई ब्रिटनमध्ये नर्स होत्या, त्यांची इक्विटेबल लाइफची पॉलिसी होती. आता काही मिळेल?

सरकारी भरपाईची योजना २०१५ अखेर नव्या दाव्यांना बंद झाली. पॉलिसी मात्र संपलेली नाही: १ जानेवारी २०२० पासून इक्विटेबलचा व्यवसाय अटमोस्ट लाइफकडे गेला. तिथे जुना पॉलिसी क्रमांक, जन्मतारीख आणि तिकडचा जुना पत्ता देऊन चौकशी करा.

१९. 'सरकारकडून भरपाई मंजूर झाली आहे, आधी जीएसटी भरा' असा फोन आला.

ठेवून द्या. आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, फोन करत नाही. कंपनीवर कारवाईची बातमी आली की आठवडाभरात हे फोन सुरू होतात. 'दहा टक्के द्या, लोकपालाकडून निकाल आणून देतो' म्हणणारेही त्याच जातीचे. लोकपालांकडे तक्रार पॉलिसीधारकाने, वारसाने किंवा नॉमिनीनेच करायची असते. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

२०. वडील वारले. त्यांच्या पॉलिसीसाठी सरकारला जाब आम्ही विचारू शकतो का?

हो. कंपनीविरुद्ध नॉमिनी किंवा वारस म्हणून, आणि सरकारकडे नागरिक म्हणून. आरटीआयला तर नातंही सांगावं लागत नाही. पैसे दहा वर्षांहून जास्त काळ दावा न करता पडून राहिले असतील तर कंपनीने ते केंद्राच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा केलेले असतात. ते बुडालेले नाहीत. त्यानंतर २५ वर्षांपर्यंत दावा करता येतो, आणि तो कंपनीमार्फतच करायचा. मृत्यूचा दाखला, पॉलिसीचं पहिलं पान, बँकेचा रद्द केलेला चेक, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिन्हीकडे सारखं आहे ना, तेवढं बघून घ्या. कुलकर्णीचे दोन आणि देशपांडेचे तीन प्रकार आमच्या पाहण्यात आहेत.